जुन्या फटफटीची मंद चाल

बदलापूर या नांवाविषयीं एक लोककथा प्रसिद्ध आहे. शिवकालांत सुरतेच्या वाटेवर येथें थकलेले घोडे सोडून ताजे घोडे घेत असत. घोडे बदलण्याचें पूर तें बदलापूर, असें गांवांतील वडीलधारी मंडळी सांगत आलेली आहेत. कथेचा खरेखोटेपणा इतिहासज्ञांनीं ठरवावा. आजच्या बदलापूरकराचा घोडा मात्र लोखंडाचा आहे, आणि तो थकला म्हणून प्रत्येक मुक्कामावर बदलणें सामान्य गृहस्थाच्या ऐपतीबाहेरचें आहे. त्यानें तो सांभाळलाच पाहिजे. आणि सांभाळावयाचा तर त्याचें दुखणें ओळखतां आलें पाहिजे.

बदलापूर गांव उल्हास नदीच्या बाजूस आणि रेल्वेचें स्थानक त्यापासून कांहीं अंतरावर. सकाळची लोकल गांठणारा नोकरदार घरून फटफटीवर निघतो, ती स्थानकाजवळ उभी करतो, आणि रात्रीं तो परत येईपर्यंत ती ऊन, धूळ व पाऊस सोशीत उभी असते. भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले, तेव्हांपासून बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला आणि त्याच्या जागीं विजेच्या आज्ञेनें इंधन फवारणारी योजना आली. तथापि त्यापूर्वींच्या, दहा-पंधरा-वीस वर्षें राबलेल्या कार्बोरेटरच्या गाड्या अद्याप घरोघर आहेत. त्यांच्याविषयीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते: गाडी धांवते चांगली, परंतु 'स्लो'वर उभी राहत नाहीं, मूठ सोडली कीं बंद पडते.

या तक्रारीवरचा रूढ उपाय सर्वांस ठाऊक आहे. "जरा स्लो वाढवून दे रे बाबा, गाडीची वेळ झाली," असें गृहस्थ गॅरेजवाल्यास म्हणतो. "देतों काका, पण एकदां कार्बोरेटर उघडून बघायला पाहिजे," असें तो मुलगा सांगतो. "तें रविवारीं बघूं," असें उत्तर मिळतें. स्क्रू अर्धा फेरा आंत जातो आणि त्या दिवसाची लोकल मिळते. तो रविवार सहसा उगवत नाहीं. पंधरा दिवसांनीं आणखी अर्धा फेरा दिला जातो. मग मूठ पुरती सोडली तरी इंजिन गाडीला पुढें ओढीत राहतें, आणि जुन्या ब्रेकांवर तो भार पडतो. एवढें करून मूळ दोष आंत तसाच असतो. एखादे दिवशीं पूर्व-पश्चिम जोडणार्‍या उड्डाणपुलाच्या चढावर, मागें भरलेला डंपर आणि पुढें टाकीवर बसविलेलें मूल, अशा वेळीं गाडी मरते. स्लोचा स्क्रू हें या दुखण्याचें औषध नव्हे. सर्व कारणें पाहून झाल्यावर सर्वांत शेवटीं हात लावण्याचा तो भाग आहे, एवढेंच या भाषणाचें सांगणें आहे.

असें कां, हें समजण्यास कार्बोरेटरची रचना थोडी पाहिली पाहिजे. पेट्रोल द्रवरूपांत जळत नाहीं. त्याचा तुषार होऊन, वाफ होऊन तें हवेंत मिसळलें म्हणजे जळतें. हवेचा प्रवाह अरुंद गळ्यांतून जाऊं लागला कीं त्याचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. वेग व दाब यांचें हें नातें डॅनियल बर्नूली यानें १७३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मांडलें, आणि अरुंद गळ्याच्या नळीविषयींचें आपलें संशोधन जोव्हानी बत्तिस्ता व्हेंतुरी या इटालियन शास्त्रज्ञानें १७९७ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १८९३ च्या सुमारास जर्मनींत विल्हेल्म मायबाख यानें, तसेंच हंगेरींत दोनात बांकी व यानोश चोंका यांनीं, पेट्रोलचा तुषार उडविणारा कार्बोरेटर सिद्ध केला. डांस मारण्याचा जो हातपंप पूर्वीं घरोघर असे, त्यांत दट्ट्या लोटल्यावर डब्यांतील औषध जसें वर खेंचलें जाऊन उडे, तसेंच येथें घडतें. फरक इतकाच कीं, येथें हवा ओढण्याचें काम इंजिन स्वतः करतें.

परंतु मूठ सोडली असतां चित्र पालटतें. गळ्यांतील स्लाइड जवळजवळ मिटते, आणि तिच्याखालून जाणारी हवा इतकी थोडी असते कीं मुख्य जेटांतून पेट्रोल उचलण्याचा जोर तिच्यांत उरत नाहीं. म्हणून स्लाइडच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूस, जेथें ओढ प्रबळ असते तेथें, एक निराळें सूक्ष्म छिद्र ठेवलेलें असतें. त्याला पेट्रोल पुरविणारा लहान जेट तो स्लो जेट किंवा पायलट जेट. शंभर घनसेंटिमीटरच्या गाडींत या जेटाचें छिद्र साधारण एक-तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास असतें. अशा फोर-स्ट्रोक इंजिनाची मंद चाल मिनिटाला सुमारें १४०० फेरे असते. दोन फेर्‍यांस एक स्फोट, म्हणजे सेकंदाला जवळजवळ बारा स्फोट झाले. आणि त्या प्रत्येकाचें अन्न या एका छिद्रांतून यावयाचें. धांवतांना मोठा जेट पोट भरतो म्हणून गाडी धांवते. मूठ सोडतांच ती उपाशी पडते. स्लोचा स्क्रू आंत घातला म्हणजे स्लाइड थोडी उचलून धरली जाते, एवढेंच होतें. तुंबलेलें छिद्र त्यानें मोकळें होत नाहीं.

हें छिद्र तुंबविण्याच्या कामीं बदलापूरचा पावसाळा चांगलाच हातभार लावतो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत उल्हास नदीला मोठा पूर आला. २७ जुलै २०१९ रोजीं पुन्हां तसेंच झालें आणि बदलापूर व वांगणी या स्थानकांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकून हजाराहून अधिक उतारूंची सुटका करावी लागली. अशा पुरांत बुडालेल्या गाडीच्या कार्बोरेटरांत गाळ जातो, हें सांगावयास नको. परंतु पूर न येतांही टाकीच्या झांकणाच्या झिजलेल्या रबरांतून पावसाचें पाणी आंत झिरपतें, आणि अर्ध्या रिकाम्या टाकींतील दमट हवा रात्रीं निवून तिचेंही पाणी होतें. पेट्रोल पाण्याहून हलकें. म्हणून पाणी टाकीच्या तळाशीं बसतें, तेथून कार्बोरेटरच्या वाटीच्या तळाशीं उतरतें, आणि जेटांचीं तोंडें नेमकीं त्याच वाटींत बुडालेलीं असतात. पाण्याबरोबर टाकींतील गंजाचे कणही येतात. शिवाय गाडी महिना-दोन महिने बंद राहिली, तर वाटींतील पेट्रोल उडून जाऊन मागें डिंकासारखा चिकट थर राहतो.

याखेरीज एक नवें कारण उद्भवलें आहे. देशांत विकल्या जाणार्‍या पेट्रोलांतील इथेनॉलचें प्रमाण २०२२ सालीं दहा टक्क्यांवर आणि २०२५ सालीं वीस टक्क्यांवर पोंचलें. इथेनॉल पाणी शोषून घेतें. तें पाणी मर्यादेबाहेर गेलें कीं पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलापासून निराळें होतें आणि खालीं बसतें. जुन्या घडणीच्या रबरी नळ्या व ओ-रिंगा यांनाही तें मानवतेंच असें नाहीं. आणखी असें कीं, निव्वळ पेट्रोल पूर्ण जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें १४.७ पट हवा लागते, तर वीस टक्के मिश्रणास सुमारें साडेतेरा पट पुरते. जेट जुन्याच मापाचा असल्यामुळें हवेच्या मानानें इंधन थोडें कमी पडतें आणि मिश्रण पातळ ठरतें. तथापि सर्व दोष इथेनॉलाच्या माथीं मारून स्वस्थ बसणें हेंही अज्ञानच होय. स्वच्छ जेट आणि घट्ट सांधे असलेली गाडी थोड्याशा जुळवणीनें या पेट्रोलावरही शांतपणें उभी राहूं शकते.

आतां खुणा. चोक ओढला असतां गाडी चालते आणि चोक सोडतांच मरते, तर मिश्रण पातळ आहे: स्लो जेट तुंबला असावा किंवा कोठून तरी जादा हवा शिरत असावी. मूठ सोडल्यावर इंजिनाचा वेग लगेच न उतरतां वरच रेंगाळतो, तरीही हाच संशय घ्यावा. मात्र त्याबरोबर केबल अडकत नाहीं ना, हेंही पाहावें. गाडी थंड असतांना बरी, परंतु तापल्यावर धडधडत काळा धूर टाकते आणि प्लग काजळीनें माखलेला निघतो, तर मिश्रण दाट आहे: हवेचा फिल्टर तुंबला, चोक पुरता मिटत नाहीं, अथवा फ्लोटची पिन झिजून वाटींत पेट्रोल प्रमाणाबाहेर चढतें. उभ्या गाडीखालीं पेट्रोलचे थेंब दिसले तर या पिनेवरच बोट ठेवावें. कांहीं अंतर चालून गाडी बंद पडते आणि टाकीचें झांकण उघडतांच पुन्हां सुरळीत चालते, तर बिचार्‍या कार्बोरेटरचा कांहींच अपराध नाहीं; झांकणांतील वायुछिद्र बुजलें आहे.

या खुणा मनाशीं धरून प्रथम कार्बोरेटरच्या बाहेरचा शोध घ्यावा. प्लग काढून पुसावा आणि त्यांतील फट गाडीच्या पुस्तिकेप्रमाणें ठेवावी. पुष्कळ लहान गाड्यांत ती ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते. हवेचा फिल्टर झटकावा अथवा बदलावा. टॅपेट घट्ट असतील तर तापल्यावर झडपा नीट मिटत नाहींत आणि मंद चाल मरते. म्हणून इंजिन पुरतें थंड असतांना त्यांचें अंतर तपासून घ्यावें. मुठीला दोन ते सहा मिलिमीटर मोकळीक असावी. गाडी चालू ठेवून हँडल डावीकडे व उजवीकडे पुरतें वळवावें. तेवढ्यानें इंजिनाचा आवाज चढला तर केबल ताणली जात आहे. शेवटीं पेट्रोलची नळी कार्बोरेटरपासून सोडवून बाटलींत धरावी व कॉक उघडावा. धार अखंड असावी. ती थेंबाथेंबानें पडत असेल तर दोष वरच, टाकींत किंवा कॉकच्या जाळींत आहे.

त्यानंतर हवेची गळती. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मधल्या सांध्यांतील ओ-रिंग चपटी झाली किंवा रबरी मॅनिफोल्डला भेग पडली, तर तेथून चोरटी हवा आंत जाते. ती शोधण्यासाठीं कांहीं जण चालू इंजिनाच्या सांध्यावर पेट्रोल किंवा ज्वालाग्राही फवारा मारतात; घरगुती माणसानें हें धाडस करूं नये. लहान पिचकारीनें साधें पाणी सांध्यावर थोडें थोडें सोडावें. पाण्यानें ती फट क्षणभर झांकली जाऊन आवाज बदलला, तर चोर तेथेंच आहे. थोडक्या किंमतीची ओ-रिंग बदलली नाहीं म्हणून शेंकडों रुपयांचा नवा कार्बोरेटर बसविल्याचीं उदाहरणें कमी नाहींत, आणि त्या नव्यानेंही गाडी उभी राहत नाहीं तेव्हां दोष गाडीच्या वयाला दिला जातो.

एवढ्यानें भागलें नाहीं तरच कार्बोरेटर उघडावा. हें काम मोकळ्या अंगणांत, दिवसाच्या उजेडांत आणि इंजिन गार असतांना करावें. चाळीच्या ओट्यावर, तुळशीपाशीं दिवा लावण्याच्या वेळीं, किंवा शेजारी विडी ओढीत बसला असतां करूं नये. प्रथम कॉक बंद करून वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करावा आणि आंतील पेट्रोल कांचेच्या पात्रांत काढावें. पात्र उजेडाकडे धरलें कीं निदानाचा अर्धा भाग डोळ्यांस दिसतो: तळाशीं पाण्याचे गोळे, खालचा निराळा थर, अथवा तांबूस गाळ. असें कांहीं आढळल्यास टाकीही रिकामी करून धुतली पाहिजे. नाहीं तर आज साफ केलेला जेट आठ दिवसांत पुन्हां तुंबेल.

वाटी उतरविली म्हणजे आंत फ्लोट आणि दोन पितळी जेट दिसतात. मोठा तो मुख्य, लहान तो स्लो. जेट काढण्यास नेमक्या रुंदीचा पेंचकस घ्यावा, कारण पितळ मऊ असतें आणि एकदां खांच झिजली कीं तो बाहेर येणें कठीण. जेट आभाळाकडे धरून त्यांतून पाहावें. वाटोळा, स्वच्छ प्रकाशबिंदु दिसला पाहिजे. न दिसल्यास कार्बोरेटर साफ करण्याच्या द्रवांत भिजवावा व दाबाची हवा मारावी. पंक्चरच्या दुकानांतील हवाही चालते. तार किंवा सुई मात्र कधींही घालूं नये. छिद्र केसभर मोठें झालें तरी जेटाचें माप बिघडतें, आणि मग गाडी जन्मभर पेट्रोल पिते. जेट बदलावाच लागला तर जुन्यावर कोरलेला आंकडा पाहून त्याच आंकड्याचा घ्यावा. नुसता जेट साफ करूनही काम पुरें होत नाहीं; अंगांतील ज्या बारीक वाटांनीं पेट्रोल व हवा जातात त्या प्रत्येक वाटेंतून हवा आरपार गेली पाहिजे. द्रव मारण्यापूर्वीं रबरी भाग काढून बाजूला ठेवावे, कारण तो रबरास मारक असतो, आणि डोळ्यांवर चष्मा असावा. ज्या गाडींत स्लाइड रबरी पडद्यानें उचलली जाते, तेथें तो पडदा उजेडाकडे धरून त्यास टांचणीएवढें भोंक नाहीं ना, हेंही पाहावें.

येथें दोन स्क्रूंमधील भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण बहुतेक घोटाळा त्यांचाच असतो. एक स्लाइडला टेकणारा. तो फक्त चाल वाढवितो अगर उतरवितो. दुसरा मिश्रणाचा, तो हवा व पेट्रोल यांचें प्रमाण ठरवितो. हा दुसरा स्क्रू कोणत्या बाजूस आहे, हें महत्त्वाचें. तो हवेच्या फिल्टरच्या बाजूस असेल तर हवेचा आहे, आणि आंत फिरविल्यास मिश्रण दाट होतें. तो इंजिनाच्या बाजूस असेल तर बहुधा पेट्रोलचा आहे, आणि आंत फिरविल्यास मिश्रण पातळ होतें. एकाच हालचालीचे दोन उलट परिणाम! हा स्क्रू काढण्यापूर्वीं तो हलक्या हातानें टेकेपर्यंत आंत न्यावा, किती फेरे गेले तें मोजावें, आणि मगच बाहेर काढावा. पुष्कळ गाड्यांत ही संख्या दीड ते अडीच फेर्‍यांच्या दरम्यान असते. आंत नेतांना जोर करूं नये. त्याचें टोंक सुईसारखें असून तें चेपलें कीं जुळवणी कायमची बिघडते.

सर्व जोडून झाल्यावर अखेरची जुळवणी. गाडी दहा मिनिटें रस्त्यावर फिरवून इंजिन चांगलें तापवावें. थंड इंजिनावर केलेली जुळवणी टिकत नाहीं. चाल किंचित् चढती ठेवून मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवावा आणि प्रत्येक वेळीं दहा सेकंद थांबून ऐकावें. एका ठिकाणीं आवाज सर्वांत उंच आणि सर्वांत एकसारखा येतो. त्याच्या दोन्ही बाजूंस तो अडखळतो. तेथें थांबावें. नंतर, आणि आतां प्रथमच, स्लोच्या स्क्रूनें चाल उतरवून पुस्तिकेंत सांगितलेल्या वेगावर आणावी. हीच क्रिया पुन्हां एकदां करावी. मूठ झटकन् उघडून सोडावी. इंजिनानें न अडखळतां चढावें आणि न मरतां खालीं यावें. आवाज मोजण्याचें यंत्र नसलें तरी सराव झालेल्या कानास हें कळतें. तबला लावणारा जसें बोट मारून स्वर ओळखतो, तसेंच हें आहे.

या कामास आणखी एक बाजू आहे. पी.यू.सी.च्या तपासणींत धुराच्या नळींतून जो कार्बन मोनॉक्साइड मोजतात, तो याच मंद चालीवर. मार्च २००० पूर्वीं बनलेल्या दुचाकीस त्याची मर्यादा ४.५ टक्के, आणि त्यानंतरच्या जुन्या पिढीच्या दुचाकीस ३.५ टक्के आहे. मिश्रण दाट असेल तर तेथें अपयश ठरलेलें. आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठीं गाडी कल्याणच्या परिवहन कार्यालयांत न्यावी लागते, तेव्हां तें अपयश महागांत पडतें. परंतु प्रमाणपत्राहून माणूस मोठा. हा वायु रंगहीन व गंधहीन असून प्राणघातक आहे. पावसाच्या भीतीनें जिन्याखालीं किंवा बंद पडवींत गाडी चालू ठेवून जुळवणी करीत बसणें म्हणजे वरच्या खोलींत निजलेल्या लेंकरांच्या श्वासांत विष सोडणें होय.

हें सर्व प्रत्येक गृहस्थानें स्वतःच्या हातानें करावें, असा आग्रह नाहीं. बाहेरची तपासणी कोणासही जमेल. वाटी उघडण्याचें धैर्य नसेल तर कारागिराकडे जावें. परंतु जातांना "स्लो वाढवून दे" असें न म्हणतां, "चोकवर चालते, चोक सोडला कीं मरते, प्लग, फिल्टर व केबल पाहिली आहे," असें सांगावें, आणि त्यास तासभर वेळ द्यावा. चांगला कारागीर अशा गिर्‍हाइकावर खूष होतो. घाई करणार्‍या गिर्‍हाइकानेंच त्याला स्क्रू फिरविण्याची संवय लाविलेली असते. काम झाल्यावर मिश्रणाच्या स्क्रूचे फेरे, जेटाचा आंकडा, प्लगची फट आणि तारीख एका वहींत टिपून ती गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवावी. पुढच्या पावसाळ्यांत चाल बिघडली म्हणजे ती वही प्रथम उघडावी, आणि पेंचकस त्यानंतर हातीं घ्यावा.